दामू वर असताना

दामूच्या घरी भेटायला गेलो आणि त्याच्या बायकोला विचारलं, "कुठल्या माडावरून पडला?" दामू अंथरुणात गेला होता. झोपेत. पार्वतीवहिनींनी माझ्याकडे पाहिलं, "अंथरुणात गेले," एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा भिंतीला टेकल्या. सकाळी फोनवर कुणीतरी "दामू गेला" म्हणालं, तेव्हा मी आधी धावत गेलो होतो तो आमच्या स्वयंपाकघरामागे, तिथला माड बघायला. तो उभा होता. मग दुसरा कुठला, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात उरला होता... आता महिना उलटला. या माणसाबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि गावात रिकामा मीच आहे.

रेवदंड्याला आमची छोटी वाडी आहे. निवृत्त होऊन इथे राहायला आलो तेव्हा मला माडाला पाणी घालायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. नारळ उतरवणारा पाडेली म्हणून दामूला बोलावलं, तो वाडीभर फिरला आणि म्हणाला, "भाऊ, तुमची झाडा तुमच्यापेक्षा बऱ्या तब्येतीची हायेत. तुमी त्यांना हात लावू नका." दामू बढाईखोर होता. वाऱ्यात चढलो, वर बसून विडी ओढली, किहीमपर्यंत किनारा दिसला, असं रंगवून सांगायचा. त्यातलं निम्मं खोटं असणार, पण ऐकायला मजा यायची. शिवाय चुकायचाही. त्याच्या सांगण्यावरून मी पोफळींना एवढं मीठ घातलं की चार वाळल्या. "मीठ खारट व्हता," असं त्याचं त्यावरचं स्पष्टीकरण.

त्याचा एक नियम मात्र सगळं गाव पाळायचं. दामू वर असताना मालकानं वर बघायचं नाही. पाठ करून उभं राहायचं. "खालनं नजर लागली का हात सुटतो," म्हणायचा. त्यामुळे मी त्याला ओळखायचो तो आवाजावरून. कोयत्याचा ठक्, मग नारळाचा धप्प. ठक्, धप्प. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी मी असाच पाठमोरा उभा असताना एक सुकी झावळी माझ्या खांद्याला घासून पडली, आणि मी दचकून वर बघितलं. दामूनं शेंड्याखाली माडाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. गाल खोडाला टेकलेला, डोळे घट्ट मिटलेले. कोयता कमरेला तसाच. वारा नव्हता, पानही हलत नव्हतं... मी मान फिरवली. पुष्कळ वेळानं पहिला धप्प आला. खाली उतरल्यावर पाय धूत त्यानं विचारलं, "वर काय दिसला का, भाऊ?"

"झावळ्या."

"झावळ्याच दिसाव्यात," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात त्यानं मला स्वयंपाकघरामागच्या माडाला कान लावायला सांगितलं. आतून ओलसर, सावकाश चावल्याचा आवाज येत होता. खोडाच्या भोकांतून तांबूस पाणी गळत होतं. "आत जेवान चाललाय," दामू म्हणाला. "भुंग्याच्या अळ्या. आता ह्यो न्हाय वाचत. शेंड्यापासनं तुकडं करत उतरवाय लागंल." एका बाजूला आमचं छप्पर, दुसऱ्या बाजूला विजेची तार, कापून आडवा पाडायला जागाच नव्हती. कुणीतरी चढायला हवं होतं. कोण, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. "घाई नाही," मी म्हणालो. "घाई न्हाय," तोही म्हणाला.

अलिबागहून पट्टे-बिट्टे बांधून चढणारी माणसं येतात, मला माहीत होतं. पण दामू गावात असताना परका आणला, तर का आणला असं गाव विचारणार, आणि दामूचं पितळ उघडं पडणार. मला ते करवेना. पाऊस लागला, माड घोंघावू लागला. बायकोनं शेगडी पुढच्या पडवीत नेली आणि तिथून म्हणाली, "माड पडला तर तुमचा मित्र झेलणार आहे का?" मी मात्र मोठ्या मनाचा झालो होतो. मी बघितल्याचा दामूला संशय येऊ नये म्हणून मी त्याला पूर्वीपेक्षा जास्त बोलवू लागलो. पाहुणे नसताना शहाळी उतरवून घेतली. तयार न झालेले नारळही उतरवले. दर वेळी पाठ करून उभा, कान मागे. धप्प आला की दामू आहे. मधल्या शांतता लांबत चालल्या होत्या...

दामू गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी तो न बोलावता आला. त्या माडाच्या खोडावर हात ठेवून उभा राहिला. बढाई नाही, विडी नाही. "सोमवारी उतरवू," म्हणाला. मी "बरं" म्हणालो. सोमवारपर्यंत तो राहिला नाही.

परवा पुन्हा त्याच्या घरी गेलो. त्या माडाला आता दुसरा माणूस लावायचा होता, आणि वहिनींना न विचारता लावणं बरं वाटेना. पडवीत दामूचा चढायचा पायदोर दोन खांबांना ताणून बांधलेला, त्यावर लुगडं नि टॉवेल वाळत. पायांच्या घामानं आणि माडाच्या सालीनं काळा पडलेला तो दोर मी बराच वेळ बघत राहिलो. मग माझ्यानं राहवलं नाही. मी बघितलं होतं, कुणापाशी बोललो नाही, त्याचं काम तोडलं नाही, हे सगळं वहिनींना सांगून टाकलं. खरं सांगायचं तर शाबासकीची अपेक्षा होती.

वहिनी टॉवेलाची घडी घालत राहिल्या.

"यांची चक्कर साऱ्या गावाला म्हाईत व्हती, भाऊ," त्या म्हणाल्या. "मीच दारोदार जाऊन सांगून आलेली, यांना चढवू नका म्हनून. समद्यांनी बोलवायचा बंद केला."

"मग माझ्याकडे का नाही आलात?"

"ह्येच म्हनाले, तितं नको जाऊ, भाऊंनी बगितलंय, ते आता न्हाय बोलवायचे." त्यांनी घडी मांडीवर ठेवली. "बगून चढवनारे तुमी एकलेच."