सोबत: मंजूर नाही

आमच्या घरी मला बघायला म्हणून कधी कुणी आलं नाही. स्नायूंचा आजार शाळेत असतानाच कळला आणि लग्नाचं वय झालं तेव्हा मी भिंत धरून चालत होते, त्यामुळे स्थळ घेऊन यायची कुणाची हिंमत झाली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. आईला वाटलं होतं, आणि ते तिने इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं, हे मला संस्थेची बाई घरी आली त्या दिवशी कळलं. तोपर्यंत मी चाळिशी ओलांडून खुर्चीला खिळले होते.

संस्था म्हणजे चाकणच्या पट्ट्यातल्या काही कंपन्यांनी मिळून काढलेली. कामगारांच्या घरात कुणी अपंग असेल तर त्याला मदत करायची, असा तिचा हेतू. ते लोक दिव्यांग म्हणतात. मला अपंगच बरं वाटतं, माझ्यात दिव्य असं काही नाही. वडील अशाच एका कंपनीतून निवृत्त होऊन वारले, म्हणून मी त्यांच्या नियमात बसत होते. पण ही मदत सरळ हातात देत नाहीत. आधी तुमचा ‘वैयक्तिक सहाय्य आराखडा’ करतात. एक बाई घरी येते, तुम्हाला बघते, प्रश्न विचारते, अहवाल देते. मग ऑफिसातले लोक चार शीर्षांखाली मंजुरी देतात: साधनं, घरातले बदल, कौशल्यविकास आणि सोबत.

हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मी घरी बसून भोसरीतल्या वर्कशॉपवाल्यांचे हिशेब लिहिते, त्यांचा जीएसटी भरते. एका शीर्षाचा पैसा दुसऱ्या शीर्षाला लावता येत नाही हे सांगण्यातच माझा निम्मा दिवस जातो.

मला चारातलं एकच शीर्ष हवं होतं. सोबत. म्हणजे सकाळ-संध्याकाळ एक बाई येईल, मला खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात नेईल, आंघोळ घालेल, कपडे बदलेल. स्वतःच्या कमाईतून अशी बाई ठेवायची तर माझी सगळी कमाई तिलाच द्यावी लागेल आणि खायचं काय हा प्रश्न उरेल. हे सगळं तेव्हा आई करत होती. आईची सत्तरी उलटली होती, गुडघे गेले होते. श्रावणात एकदा न्हाणीघरात ती मला घेऊन पडली. शेजारच्या बाई कामावरून येईपर्यंत आम्ही दोघी ओल्या फरशीवर बसून होतो. मी टॉवेलात, ती भिजलेल्या लुगड्यात. नंतर आईने सोसायटीभर सांगितलं की साबणावरून पाय घसरला. साबण कपाटात होता.

पुढच्या खेपेला माझं किंवा तिचं हाड मोडणार, हे मला दिसत होतं.

संस्थेची बाई येणार त्या दिवशी सकाळी आईने मला नारायणपेठ नेसवली. नेसवायला तासभर गेला, दोघींचाही दम निघाला. पडदे धुतलेले. भाऊ पिंपळे सौदागरहून सुट्टी टाकून आलेला, तोही इस्त्रीच्या शर्टात. मी म्हटलं, ‘‘हे काय चाललंय?’’ आई म्हणाली, ‘‘गप बस. मोठ्या हापिसातली बाई हाय.’’

बाई आली, चष्मा सारखा करून खुर्चीत बसली. आईने लाडवांची बशी पुढे केली आणि म्हणाली, ‘‘ह्ये तिनंच वळल्यात.’’

माझ्या हातातून पेन पडलं तर मला उचलता येत नाही. लाडू वळून मला दहा-बारा वर्षं झाली असतील. बाईने लाडू तोंडात टाकला, ‘‘वा, छान झालेत’’ म्हणाली आणि काहीतरी लिहून घेतलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा बघण्याचा कार्यक्रम होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या पोरीला बघायला घरी आलं होतं आणि आई ती संधी सोडणार नव्हती.

‘‘स्वतःची कामं स्वतः करता का, ताई?’’ बाईने मला विचारलं.

मी तोंड उघडलं तोवर आईचं सुरू झालं होतं. ‘‘समदं करती. कुणाच्या हाताखाली न्हाई ती. मोठमोठ्या साहेबांचं हिशेब लिवती. सभाव बी गरीब.’’

‘‘आंघोळ?’’

‘‘रोजच्या रोज. सणावाराला डोक्यावरनं.’’

‘‘ताई एकदम इंडिपेंडंट आहे, मॅडम,’’ भाऊ मध्ये म्हणाला. हा रविवारी केळी घेऊन येतो, अर्धा तास बसतो आणि पार्किंग मिळत नाही म्हणून निघतो. मी कशी आहे हे त्याला कुठून माहीत असणार?

मी म्हटलं, ‘‘मॅडम, आंघोळ मला आई घालते.’’ त्यावर आई अशी हसली की जणू मी लाजून काहीतरी बोलले. ‘‘लाडाची हाय,’’ म्हणाली. बाईही हसली. मला त्या दोघींच्या अंगावर खुर्ची घालावीशी वाटली. जाताना बाई आईला म्हणाली, ‘‘फार छान सांभाळलंय तुम्ही त्यांना, आजी.’’ आई दारापर्यंत सोडायला गेली आणि परत आली ती स्थळ पसंत पडल्याच्या तोऱ्यात. दिवसभर गुणगुणत होती.

पसंतीचं पत्र मोबाईलवर आलं. साधनं: मोटरची खुर्ची मंजूर. ती आमच्या न्हाणीघराच्या दारातून आत जात नाही. घरातले बदल: न्हाणीघरात धरायला स्टीलच्या दांड्या मंजूर. धरायला हात लागतात. कौशल्यविकास: संगणकाचा प्राथमिक कोर्स मंजूर. सोबत: मंजूर नाही. कारण, लाभार्थी स्वावलंबी, काळजी घेणारे कुटुंबीय सक्षम.

मी ऑफिसला फोन लावला. म्हटलं, मला कोर्स नको, ते पैसे सोबतीला लावा. फोनवरची मुलगी म्हणाली, शीर्ष बदलता येत नाही. ते मलाही माहीत होतं. तरी रागाने म्हटलं, ‘‘अहो, मी रोज संगणकावरच काम करते.’’ ती म्हणाली, ‘‘मग ॲडव्हान्स कोर्ससाठी विनंती करा ना, मॅडम.’’ भावाने वेगळीच अक्कल पाजळली. खुर्चीचं खोटं बिल करू, दुकानदार ओळखीचा आहे, त्या पैशात बाई लावू. संस्था पैसे थेट दुकानदाराला देते, ते आपल्या हातात येतच नाहीत, हे त्याला दोनदा सांगितलं. ‘‘मिळतंय ते तरी घे की, ताई,’’ म्हणून तो निघून गेला. मी फेरतपासणीचा अर्ज केला.

त्यानंतर माझी आणि आईची जुंपली ती रोजच. मी सांगितलं, या वेळी खरं सांगायचं. मला काय काय येत नाही ते एकेक करून सांगायचं.

‘‘परक्या बाईफुडं तुझं न्हाणं-धुणं काढू? आमी अब्रूनं ऱ्हायलोय.’’

‘‘अब्रू मला खाटेवरून उचलत नाही.’’

‘‘मी हाय की उचलाया.’’

‘‘तू आहेस म्हणूनच तर नाही म्हणाले ते. तू सक्षम आहेस असं लिहिलंय.’’

आईने मान वळवली, पण चेहऱ्यावरचा आनंद मला दिसला. संस्थेच्या शिक्क्याखाली तिला कुणीतरी सक्षम म्हटलं होतं. त्या आनंदाचा मला इतका संताप आला की मी त्या दिवशी तिच्या हातचं जेवले नाही. म्हणजे भावाच्या बायकोला फोन करून डबा मागवला आणि तोही मला आईनेच भरवला.

तीच बाई पुन्हा आली. या वेळी साडी नाही, लाडू नाहीत, भाऊही नाही. मी तिला सगळं सांगितलं. कूस बदलता येत नाही इथपासून पाळीच्या दिवसांपर्यंत. माझ्या आवाजात गोडवा नव्हता आणि मला तो आणायचाही नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मध्येच आत जाऊन भांडी आपटून आली.

बाईने चांगलं मन लावून लिहून घेतलं. मग म्हणाली, ‘‘ताई, तुमचं पटलं मला. पण नियम असा आहे की घरात उचलणारं माणूस असेल तर सोबत देता येत नाही. आजी, तुम्हाला यांना उचलताना त्रास होतो का?’’

‘‘कसला तरास?’’ आई म्हणाली. ‘‘नदीकडनं माळव्याची पाटी डोक्यावर घिऊन भोसरीपातुर चालत जायचे मी. ही तर काडी हाय.’’

बाईने माझ्याकडे बघितलं. तिला काय लिहावं कळेना. आणि माझ्या लक्षात आलं की एवढं सगळं उघडं करूनही उत्तर पुन्हा तेच येणार.

मी म्हटलं, ‘‘आई, मॅडमना उचलून दाखव. मला खाटेवर ठेव.’’

बाई नको नको म्हणत होती. आईने पदर खोचला, माझ्यासमोर आली, पाय फाकवून उभी राहिली आणि वाकली.

आमचं उचलणं कसं चालायचं ते सांगितलं पाहिजे. ती एकटी मला उचलायची असं नव्हतंच. ती वाकली की मी माझे दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकायचे. हात वर न्यायला मला वेळ लागायचा, ती तोवर थांबायची. बोटं एकमेकांत अडकवून मी लोंबकळायचे आणि मग ती उठायची. माझ्यात उरलेला सगळा जोर त्या बोटांत जायचा. वीस वर्षं आम्ही असंच केलं होतं.

त्या दिवशी मी हात वर केले नाहीत.

आई वाकून थांबली. तिचा कान माझ्या तोंडाशी होता. तिला वाटलं मला वेळ लागतोय. मग तिने तसंच उचलायला बघितलं. मी कमरेतून घसरले, तिने मला परत खुर्चीत टेकवलं. पुन्हा वाकली. या वेळी तिने माझ्या हातांकडे बघितलं. ते माझ्या मांडीवर होते. मग माझ्याकडे बघितलं, जवळून, आणि तिला समजलं.

तिने एक शब्द उच्चारला असता तरी माझं बिंग फुटलं असतं. बाई तीन हातांवर होती.

आई सरळ झाली. पदर सोडला. ‘‘लिवा म्याडम,’’ ती म्हणाली, ‘‘न्हाई जमत आता मला. म्हातारी झाले.’’

बाई गेल्यावर तिने विचारलं, ‘‘हात का न्हाई टाकलंस?’’

‘‘टाकले असते तर उचललं असतंस.’’

‘‘व्हय,’’ आई म्हणाली. ‘‘उचललं असतं.’’

पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण संध्याकाळी खाटेवर जायची वेळ झाली तेव्हा सवयीने मी हात वर करायला लागले आणि आई जागची हलली नाही. तिने भावाला फोन लावला आणि ये म्हणाली. मंजुरी येईपर्यंत तो रोज दोन वेळा पिंपळे सौदागरहून कुरकुरत येत राहिला.

आता सोबतीची बाई येते. जालन्याकडची आहे, ताकदीची आहे, कामाला चोख आहे. ती मागून काखेत पट्टा घालून उचलते, तिला माझ्या हातांची गरज लागत नाही. पहिल्या दिवशी मी चुकून हात वर केले तर म्हणाली, ‘‘राहू द्या ताई, मधी येतेत.’’ आई समोर बसून शेंगा निवडत होती. तिने मान वर केली नाही. मला जे हवं होतं ते मिळालं आहे, आणि आईने त्या दिवसापासून मला हात लावलेला नाही.