फाशीच्या खेळातला आश्रुबा

आश्रुबाचा गळा असा, की जात विचारणारेही आधी गाणं ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे. ताडकळसच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला होता, फासावर गेलेल्या एका क्रांतिकारकाचा. रोजानं कामाला जाणारा आश्रुबा तो इतक्यांदा बघून आला, की गाण्यांसकट अख्खा सिनेमा त्याला पाठ झाला. मग गावानं त्याचाच खेळ बसवला. दर सव्वीस जानेवारीला आश्रुबा फासावर जायचा आणि बाया तोंडाला पदर लावून रडायच्या. माणिकराव पाटलांची बायको कस्तुराबाई तर त्याला ओवाळायची. दुसऱ्या दिवशी तिच्याच दारात त्याच्या ओंजळीत पाणी वरून पडायचं, ते सोडा. विटाळ आश्रुबाचा होता, हुतात्म्याचा थोडाच?

जल्लाद व्हायचा माणिकरावांचा पोरगा मुंजाजी. आश्रुबा सदऱ्याच्या आत, काखेखालून चामडी पट्टा बांधायचा. फास गळ्यात ढिलाच असायचा. दोराचा आकडा मुंजाजी पाठीमागं पट्ट्यात अडकवायचा, आणि मगच पायाखालचा पाट काढायचा.

मग नामांतराचं साल आलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि गावाचं पित्त खवळलं. बौद्धवाडा पेटवला. आश्रुबाची माय बायनाबाई लकव्यानं आडवी पडलेली. पेटत्या दाराशी तो ओरडत होता, "माय आत हाय रं." समोर मुंजाजी होता. त्यानं ऐकलं, आणि हातातली पेटती चूड छपरावर टाकली. पुढं चौकशीत कुणी कुणाला ओळखलं नाही. गाव लई शहाणं, पाहिजे तेव्हा आंधळं होतं.

जानेवारीत माणिकराव येऊन आश्रुबाच्या घराच्या जळून काळ्या पडलेल्या भिंतीपाशी उभे राहिले.

"आश्रुबा, झालं गेलं गंगेला मिळालं. यंदा खेळाला तहसीलदार साहेब येणार हाईत. गावात सलोखा हाय, हे दिसाया पायजे."

"करतो की," आश्रुबा म्हणाला.

ते गेल्यावर त्याची बायको सुलाबाई उसळली. "ज्यानं मायला जाळलं, त्याच्या हातात मान देता व्हय?"

खेळाच्या दिवशी पट्टा आश्रुबानं पडद्यामागं पेटीवर ठेवला आणि तसाच उभा राहिला.

शेवटचं गाणं झालं. मुंजाजीनं फास घातला, पाठीमागं हात नेला आणि चाचपत राहिला.

"न्हाई घातला," आश्रुबा हळू म्हणाला. "माय आत हाय, हे ऐकून चूड टाकलीस न्हवं? तसाच पाट काढ."

आश्रुबाला मरायचं होतं का? खरं सांगायचं तर त्या घडीला त्याला दोन्ही चाललं असतं.

मुंजाजीच्या हातून आकडा सुटला. तो मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. आश्रुबानं आपल्या हातानं फास काढला.

तहसीलदारांना वाटलं, खेळच असा असेल. "काय जिवंत काम करतो हो हा माणूस," म्हणत ते टाळ्या वाजवायला लागले. साहेब वाजवतात म्हटल्यावर गावानंही वाजवल्या.

कस्तुराबाई ओवाळायचं ताट घेऊन आधीच स्टेजच्या पायरीशी येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आश्रुबा उतरताना तिनं सवयीनं ताट वर केलं, पण ते ओवाळायला तिचे हात हलेनात. तो तिच्या बाजूनं निघून गेला.