दुकानातली चैत्रगौर

दिल्लीतला चैत्र आधी नाकाला कळतो. कडुनिंबाच्या कोवळ्या पालवीमागून येणारा तो मधासारखा मंद गंध, गच्चीवर उन्हात पसरलेल्या रजयांतून उठणारा डांबराच्या गोळ्यांचा उग्र दर्प, आणि या दोहोंना अंगावर घेऊन वाहणारी, सकाळी गार नि दुपारी कोमट होणारी हवा! आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये या दिवसांत माझे मन उगाचच प्रसन्न होई. पण ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी ही हवासुद्धा आमच्या उंबऱ्याशी थबकत असावी. कारण आत, खिडकीकडे पाठ करून, आई बसलेल्या असत.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. दिवाळीनंतर मामंजी गेले आणि माझ्या नवऱ्याने सांगलीचे घर बंद करून त्यांना दिल्लीला आणले. सांगलीत असताना त्यांच्या चैत्रगौरीची आरास पाहायला पलीकडच्या पेठांतून बायका येत. पायऱ्या-पायऱ्यांवर कलिंगडाची कमळे, हरभऱ्यांच्या राशी, कैऱ्यांचे घोस, आणि मधोमध झोपाळ्यावर गौर. वर्षभर त्या जणू त्या एका महिन्याकडे चालत जात. आणि आता? कपाळावरचे कुंकू गेले त्याबरोबर हळदीकुंकवाचे बोलावणेही गेले. कुणी तोंडाने काही बोलले नव्हते. अशा गोष्टी बोलाव्या लागत नाहीत, हेच त्यांचे क्रौर्य. आईंचे बोलणे हळूहळू आटत चालले होते. जेवलात का, औषध घेतले का, एवढ्यापुरते हो आणि नाही उरले.

त्याच सुमारास मला नोकरी लागली होती. देशात नवे वारे शिरले होते, आणि गुडगावला मोहरीच्या शेतांशेजारी काचेच्या इमारती उगवत होत्या. तिथे एक मोठे दुकान निघाले, ज्यात गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने फळीवरून वस्तू उचलून घेई! आज यात नवल नाही, तेव्हा लोक ते पाहायला सहकुटुंब येत. ऋतू पालटला की तिथल्या फळ्या पालटायच्या, हे माझे काम. लोकरी शाली आणि हीटर मागे न्यायचे. सरबते, सुरया, सुती चादरी पुढे आणायच्या. आमचे मॅनेजर अरोरासाहेब म्हणत, "मॅडम, दरवाज़े पर ही गर्मी दिखनी चाहिए." त्या वर्षी थंडी रेंगाळली आणि दारासमोरची पायऱ्यांची मोठी मांडणी चैत्र उजाडला तरी व्हायचीच होती. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ती करायचे ठरले.

नेमके त्याच दिवशी शेजारच्या कुलकर्णीवहिनींकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. त्या बोलवायला आल्या तेव्हा आई समोरच तांदूळ निवडत होत्या. "माधवी, तू नक्की ये हं," वहिनी म्हणाल्या आणि "तू"वर आवाज जरासा अडखळला. त्यांच्या मनात वाईट नव्हते. रीत त्यांच्या तोंडून बोलत होती. आईंनी मान वर केली नाही. वहिनी गेल्यावर मात्र म्हणाल्या, "जा गं तू. मी दार लावून पडेन."

भिंतीपलीकडून बांगड्यांची किणकिण येत असताना आई बंद दाराआड पडून राहणार? मला ते चित्र सोसवेना. "मला दुकानात काम आहे, आई. हे दौऱ्यावर आहेत. तुम्हीच चला माझ्याबरोबर."

"दुकानात? मी काय करू तिथे?"

"बसा नुसत्या. मला सोबत होईल."

त्या आल्या. रिकाम्या दुकानात स्टुलावर पदर सावरून बसल्या आणि मी कागदावरच्या आराखड्याप्रमाणे वस्तू लावू लागले. पाण्याचे काचेचे जग, खसाच्या सरबताच्या हिरव्या बाटल्या, वाळ्याचे पंखे, पांढऱ्या चादरी. सगळे नियमात होते; जड खाली, हलके वर, विकायचे ते नजरेसमोर. आणि तरीही सगळे मिळून गोदाम दिसत होते! मी मोडले, पुन्हा लावले, पुन्हा मोडले.

"पायरी इतकी गच्च भरू नये," मागून आवाज आला. "गौरीला वारा लागला पाहिजे."

मी वळले. आई उठून उभ्या होत्या. "गौरीला" हा शब्द त्यांच्याही कानी पडला असावा, कारण पुढे आलेला हात त्यांनी मागे घेतला, आणि अगदी हलक्या आवाजात विचारले, "मी हात लावू का?"

काचेच्या जगाला हात लावायची परवानगी त्या मागत नव्हत्या, हे कळायला मला क्षणही लागला नाही. "लावा ना, आई," मी म्हटले. "मला नाही जमत आहे."

मग ती दुपार कशी सरली! हिरव्या बाटल्यांची रांग त्यांनी नागमोडी वळवली, पंखा उघडून जगाच्या मागे उभा केला, मधली पायरी जवळजवळ मोकळी ठेवली. मी वस्तू देत होते, त्या जागा देत होत्या. "तिरका नको, सरळ धर," असे मला रागावल्यासुद्धा. किती महिन्यांनी!

शनिवारी गर्दी पाहायला त्यांनी आपणहून चलण्याचा हट्ट धरला. एका पंजाबी बाईने येताच नेमका मधला जग उचलला. मी आईंकडे पाहिले. आई क्षणभर त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिल्या, मग पुढे होऊन दुसरा जग तिथे सरकवला आणि हसल्या. "आमची आरास महिनाभर नुसती बघायची असे. ही बघ, लोकांच्या घरी निघाली."

पुढच्या चैत्रात त्यांनीच विषय काढला. "यंदा आपल्याकडे गौर बसवू. कुंकू तू लाव, आरास मी करते." हळदीकुंकवाला काही जणी आल्या, काही आल्या नाहीत. कुलकर्णीवहिनी आल्या, आरशीसमोर थबकावे तशा आराशीसमोर थबकल्या. "अगंबाई! ही कुणी केली?"

मी तोंड उघडण्याआधीच स्वयंपाकघराच्या दारातून, पन्ह्याचा तांब्या हाती घेऊन बाहेर येत आई म्हणाल्या, "मी."

वहिनींनी हळदीकुंकवाची कोयरी माझ्या हातून घेतली आणि आईंसमोर धरली. आईंनी कुंकवाला बोट लावले नाही. हळद तेवढी चिमटीत घेतली, हातावर चोळली, आणि म्हणाल्या, "बसा. डाळ आंबट झालीय का सांगा."

ऋतू आपणहून पालटतात असे आपण म्हणतो. झाडांचे तसे होत असेलही. माणसाच्या बाबतीत मात्र कुणीतरी थोडी जागा मोकळी करावी लागते. आणि मग, धीर धरून, तिथे कोण हात पुढे करते याची वाट पाहावी लागते.