मोठ्या आयचा धवला

आमच्या मोठ्या आयइतकी मन लावून झोपणारी बाई मी उभ्या जन्मात दुसरी पाहिली नाही. झोपतात सगळेच; पण कोणी थकून झोपतं, कोणी कंटाळून झोपतं. मोठी आय कामाला बसल्यासारखी झोपायची. तांदळाच्या भाकरीचा शेवटचा तुकडा जवळ्याच्या चटणीबरोबर पोटात गेला की ती पडवीतल्या बाकावर उजव्या कुशीला व्हायची, हात उशाशी घ्यायची आणि "जाऊन येते गो," असं सांगून डोळे मिटायची. मग आम्ही सुना कुकर लावायचं थांबायचो, ट्रेलर घेऊन आलेला पुतण्या हॉर्न न वाजवता लांब रस्त्यावरच इंजीन बंद करायचा आणि शेजारची कोंबडीसुद्धा आमच्या अंगणात जरा बेतानंच ओरडायची, असं मला आजही वाटतं. तासाभरानं ती उठून बसायची ती लांबच्या गावाहून परतल्यासारखी. थोडा वेळ समोरच्या खाडीकडे बघत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. त्या वेळी तिच्याशी बोललेलं तिला खपत नसे. चहासुद्धा तिच्या बाजूला नुसता ठेवायचा आणि निघून यायचं.

मोठी आय म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली चुलती. उरणच्या बाजूला खाडीकाठी आमचं गाव, आगरी वस्तीचं. मी मूळची नाशिकची. लग्न होऊन आले तेव्हा ती सत्तरीला टेकलेली होती. पहिल्याच दिवशी मी वाकून, माहेरी शिकवलं होतं तसं, "तुम्ही बऱ्या आहात ना?" असं विचारलं. तिनं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी एकलीच हाय गो. दुसरी कोन दिसली तुला?" त्या दिवसापासून मी तिला 'तू' म्हणायला लागले आणि त्या घरात माझा जीव तिथेच पहिल्यांदा सैल झाला.

तिचं आयुष्य सांगायला बसलं तर दोन माणसांना पुरेल एवढं होतं. तेराव्या वर्षी सून म्हणून आली, मिठागरात अनवाणी उभं राहून मीठ ओढलं, तिशीच्या आत नवरा गेला. पदरात दोन मुलगे होते आणि सासू-सासऱ्यांमागे उरलेले तीन धाकटे दीर. त्यांतले सगळ्यांत धाकटे म्हणजे माझे सासरे. नात्यानं ती त्यांची वहिनी, पण वयाच्या पंचाहत्तरीतही ते तिला 'आय'च म्हणायचे आणि बिडी ओढायची तलफ आली की तिच्या नजरेआड गोठ्यामागे जायचे. पुढे मिठागरं गेली, तिथे कंटेनरांची आवारं उभी राहिली आणि घरातले पुरुष ट्रेलरच्या धंद्यात शिरले. तिला त्याचं दुःख झालं की नाही, ते कळलं नाही. मात्र नवा ट्रेलर दारात आला की ती त्याच्या पुढच्या काचेला हळद लावायची, त्याच्यासमोर उभी राहून नवरदेवाला गातात ते गाणं गायची आणि शेवटी ड्रायव्हरला दम द्यायची, "हा आपला जावाय हाय. त्याला खड्ड्यात घालू नको."

हे गाणं म्हणजे धवला. आमच्याकडे लग्नात भटजी मंत्र म्हणतात ते म्हणोत. पण धवलारणीनं मांडवात बसून धवला गायल्याशिवाय लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नाहीत. मोठी आय आसपासच्या गावांची धवलारीण होती. तिला माणसांची नावं फारशी आठवत नसत, लग्नं आठवत. बँकेतला साहेब घरी आला तर ती म्हणे, "हा त्यो, ज्याच्या हळदीला मांडव उडाला हुता." साहेब लाजून चहा प्यायचे. भाजीवालीला ती 'रडकी नवरी' म्हणायची, आणि त्या साठीच्या बाईला ते नाव आवडायचं.

लग्न जवळ आलं की तिची झोप वाढे. एक तासाचे दोन तास होत. आम्हाला वाटे, वय झालं, जागरणाआधी अंग विसावा मागतंय. मी गावच्या शाळेत मास्तरीण. मला लिहून ठेवायची खोड. हा सगळा धवला तिच्याबरोबर जाईल या धास्तीनं एकदा मी वही घेऊन तिच्यापाशी बसले. तिनं आढेवेढे घेतले, मग म्हणाली, "लिव. पन मना वाचून दावू नको." मी लिहीत गेले. पुढच्या लग्नात वही मांडीवर घेऊन ऐकायला बसले, तर पहिली काही कडवी तंतोतंत जुळली आणि पुढची पार वेगळी. त्याच्या पुढच्या लग्नात आणखी वेगळी. मला वाईट वाटलं. म्हातारी विसरायला लागली, असं समजून मी कुणाला काही बोलले नाही.

मग तिच्या लाडक्या नातीचं लग्न ठरलं. पोर पुण्याला मोठ्या कंपनीत होती, नवराही तिथलाच. हळदीला गावाबाहेरच्या मैदानात मांडव, दिव्यांची आरास, डीजे, सगळा कार्यक्रम ठरवायला टी-शर्ट घातलेली माणसं. त्यांतल्या एकानं यादी बघत मोठ्या आयला सांगितलं, "आजी, तुम्हाला सात मिनिटं आहेत." ती म्हणाली, "बरं." नव्वदीला आलेली, बारीक झालेली, हिरव्या लुगड्यात माईकसमोर बसली. नात तिच्या पायाशी बसली. पाचसहा कडवी झाली आणि मोठी आय थांबली. ओठ हलले, आवाज आला नाही. थोरल्या जाऊबाईंनी माझा हात गच्च धरला. त्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि एकही दुपार तिला झोपू दिलं नव्हतं, हे तेव्हा आमच्या लक्षातही आलं नाही.

आणि मोठ्या आयनं काय केलं? तिनं डोळे मिटले, मान छातीवर टाकली आणि झोपली. खरोखरची झोपली. माईकमधून तिचा श्वास आख्ख्या मैदानाला ऐकू येऊ लागला. टी-शर्टवाला पुढे सरकला, तेव्हा माझे सासरे, जन्मात कधी आवाज न चढवणारे, उठून उभे राहिले. "आयला उठवायची न्हाय," एवढंच म्हणाले. डीजेवाल्यानं आपणहून हात मागे घेतले. पाच मिनिटं गेली असतील, की दहा? खाडीवरून वारा येत होता, मांडवाच्या झालरी हलत होत्या, आणि पाण्याखालून पाहावं तसं ते सगळं मैदान हळूहळू डुलत असल्यासारखं वाटत होतं. मग तिनं डोळे उघडले, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही कुणीही कधी न ऐकलेलं गायली:

"खाडीवर पूल, पुलावर वारा, नवरी चालली वाऱ्यासंगं,
गेलं पानी भरतीला येतं, तशी तू येशील सनासंगं."

नात हुंदके देत तिला बिलगली. म्हातारे डोळे पुसत म्हणाले, "जुना धवला तो जुना धवला! आता कोनाला येतो?"

पाहुणे पांगल्यावर, चौथ्या दिवशी, मी तिला एकटी गाठून ते कडवं कुठून आलं, असं विचारलं. पाय पसरून बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "मना सगला धवला कवाच आला न्हाय गो. माजी आत्या धवलारीन हुती. तिनं शिकवाया घेतलं नि अर्ध्यातच गेली. पयल्या लग्नाला मी गायला बसली, अर्धं झालं, म्होरं काय? आदल्या दुपारी सपान पडलं हुतं, त्यात एक बाय गात हुती. तेच गायली. कोन काय बोल्लं न्हाय. मंग दर लग्नाआदी मी तशीच झोपली."

मी थक्क होऊन विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं? आमच्या लग्नातसुद्धा?"

"तुजंबी. अर्धं आत्याचं, अर्धं सपनाचं. टिकलं ना? मंग गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. पुढच्या पावसाळ्यानंतर, भात कापणीला आलं तेव्हा, मोठी आय गेली. काही आजार नाही, त्रास नाही. सासरे तेरा दिवस गोठ्यामागे गेले नाहीत. मग एकदा गेले आणि बिडी न पेटवताच परत आले.

यंदा गावातल्या सात-आठ मुलींनी ठरवलं, मोठ्या आयचा धवला शिकायचा. माझी वही आता त्यांच्या हातात फिरते. रविवारी सकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात त्या जमतात आणि एकेका शब्दावरून भांडतात. जुना शब्द हाच की तो, शुद्ध कुठला, भेसळ कुठली. मी ऐकत बसते. गेल्या रविवारी एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. एका कडव्याची पहिली ओळ होती आणि खाली जागा कोरी. मी लिहून घेत असताना मोठी आय तिथे थांबली असेल, किंवा तिला तेव्हा पुढचं सपान पडलंच नसेल.

"काकू, हितं म्होरं काय हाय? तुम्हालाच ठावं असंल."

मला ठाऊक नव्हतं. मी समोर खाडीकडे बघितलं. ओहोटी लागलेली होती, चिखलात बगळे उभे होते, आणि नाशिक सोडून मला इथे येऊन किती वर्षं झाली, ते का कोण जाणे त्या क्षणी आठवलं. माझ्या तोंडून शब्द आले, "सासरचं पाणी गोड लागू दे, म्हायेरची तहान ऱ्हाऊ दे गो."

मुलीनं ते वहीत लिहिलं, एकदा मनात म्हणून पाहिलं आणि मान वर केली.

"काकू, पाणी न्हाय. पानी. मोठी आय पानी म्हनायची."

"व्हय," मी म्हटलं. "पानी."

आणि त्या सगळ्या जणी ती ओळ गाऊ लागल्या.