पाठमोरे बसलेले वस्ताद

आबा वस्ताद कोणाच्याही चेहऱ्याकडे आधी पाहत नसत, पायांकडे पाहत. कोणी ओळख करून दिली की त्यांची दृष्टी समोरच्याच्या पावलांवर स्थिरावे, तिथून घोटे, गुडघे असा प्रवास करीत सावकाश मुखापर्यंत येई. एका विवाहात मी मंगलाष्टके म्हणत होतो. दोन अष्टकांच्या मधल्या क्षणी आबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, नवरदेव डावा पायवर कच्चा शे." वधूपिता हातभर अंतरावर उभे! मी पुढचे 'सावधान' इतक्या मोठ्याने म्हटले, की वाजंत्रीवाल्यांनी वेळेआधीच वाजवायला सुरुवात केली.

ही हकीकत ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा अमळनेरला शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि सायंसंध्या आटोपली की बोरी नदीकाठच्या आबांच्या तालमीत जाऊन बसत असे. शेजारी थट्टा करीत, "काय गुरुजी, जप सोडून लंगोट पाहायला निघालात?" मी सांगत असे, "मारुतिरायाचे दर्शन इथेही होते आणि तिथेही." परंतु खरे सांगायचे तर दंगलीच्या ढोलावर टिपरी पडली की माझ्यातला शास्त्री कुठे जाई, कोणास ठाऊक! चोपडा, जामनेर, धुळे. जिथे कुस्त्यांचे मैदान भरे, तिथे एस.टी.ने आम्ही दोघे हजर. पट निघाला, म्हणजे कोणी खांदा पुढे घालून समोरच्याचे पाय ओढले, की मी बाकावर उभा राहून ओरडे, आणि आबा माझ्या धोतराचा सोगा धरून म्हणत, "बठा गुरुजी, मांगलासले दिसत नई."

त्यांच्या तालमीत आलेल्या नव्या मुलाला पहिले काही महिने डाव शिकवला जात नसे. त्याने हौद्यातली लाल माती फावड्याने खणायची, तिच्यात ताक, हळद, तेल मुरवायचे, आणि पुन्हा खणायची. मुलगा कंटाळून डाव मागू लागला की आबा म्हणत, "बेटा, आधी माती खण. डाव काही पळी जात नई." ज्याने ती माती खणली तो त्या मातीचा, हे नाते त्यांच्या लेखी उपनयनाइतके पक्के होते. म्हणूनच त्यांचा एक नियम होता. एका मातीतले दोघे दंगलीत एकमेकांसमोर उभे राहणार नाहीत. तशी जोड लागली तर वस्तादाने उभे राहायचे कोणाच्या बाजूने?

हा नियम मोडण्याची वेळ आली ती आमच्याच यात्रेत. शेवटची, मानाची कुस्ती ठरली होती आबांचा पट्टशिष्य भिका आणि धुळ्याचा लोटन यांच्यात. भिका चोपड्याकडच्या केळी पिकवणाऱ्या घरातला. तळपत्या उन्हात घड वाहून घडलेला देह. मानाची कुस्ती त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती, आणि त्यासाठी वर्षभर तो तालमीतच झोपत होता. लोटनने त्या हंगामात खानदेशभर मैदाने मारली होती. नदीच्या वाळवंटात माणूस मावत नव्हता. ट्रॅक्टरच्या टपांवर, निंबाच्या फांद्यांवर, जिथे पाय टेकेल तिथे लोक!

ढोल कडाडला. लोटन मैदानात उतरला, मातीला नमस्कार करून फेरी घालू लागला, आणि माझ्या शेजारी उभे असलेले आबा एकाएकी पुढे वाकले. त्यांची दृष्टी नेहमीप्रमाणे पावलांवर होती.

"गुरुजी," ते पुटपुटले, "हाऊ तर मना बारक्या शे."

बारक्या म्हणजे काही वर्षांपूर्वी तेलाच्या कारखान्यात कामाला असलेल्या मामाकडे राहायला आलेला एक काडीसारखा मुलगा. त्याने हिवाळाभर आबांची माती खणली, दोन-चार डाव उचलले आणि धुळ्याला परत गेला. तिथे दुसऱ्या वस्तादांकडे तो वाढला. आबांना त्याचे खरे नाव कधी ठाऊकच नव्हते! तोवर लोटन सरळ आमच्याकडे आला आणि आबांच्या पायांवर डोके ठेवून म्हणाला, "आबा, वळखं का?" मागोमाग भिकाही त्याच पायांवर वाकला. दोघे उठले आणि एकमेकांकडे पाहतच राहिले.

पंच धावत आले. "आबा, आता कुस्ती मोडली तर हे लोक मंडप ठेवणार नाहीत!" गर्दीतून शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. एक टारगट ओरडला, "लावा लवकर, नाही तर वस्तादालेच उतरवा!" भिका आबांकडे वळला. तो एवढेच म्हणाला, "आबा, तुम्ही सांगशात ते."

आबांनी मूठभर माती उचलली, दोघांच्या कपाळी लावली आणि पंचांना म्हणाले, "लढू द्या. मी दखाव नई. आणि कोन पडना, ते माले कोनीच सांगू नका. आज नई, कधीच नई. भोंग्यावर सांगी द्या बठ्ठासले."

ध्वनिक्षेपकावरून तशी विनंती झाली. साऱ्या वाळवंटातून असा होकार उठला की नदीतले बगळे उडाले. आबा मैदानाकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून बसले. त्यांच्या शेजारी मी, मैदानाकडे तोंड करून!

काय ती कुस्ती! आयुष्यात पुष्कळ मैदाने पाहिली, पण तशी कुस्ती पुन्हा पाहिली नाही. मी आबांचा दंड घट्ट धरला होता, ओठ दाबले होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. शेवटी धप्पकन आवाज आला, आणि आकाश फाटल्यासारखा जल्लोष. पण त्या जल्लोषात एकही नाव नव्हते.

दोघे पहिलवान आबांकडे यायला निघाले, तोच आबा मागे न वळता गरजले, "थांबा रे! आधी नदीवर जा, पाठ धुई या!" पाठीवरची माती निकाल सांगून गेली असती. दोघे बोरीत बुडी मारून आले, तेव्हा कुठे त्यांनी दोघांना उराशी धरले.

पुढे गावाने तो शब्द असा पाळला, की मला आजही त्याचे नवल वाटते. आबा येताना दिसले की न्हाव्याच्या दुकानात पावसापाण्याच्या गोष्टी निघत. एकदा जामनेरच्या गाडीत एक प्रवासी रंगात येऊन सांगू लागला, "त्या अमळनेरच्या दंगलीत काय झालं..." तोच कंडक्टर ओरडला, "ओ भो, चूप! मांगे आबा बठेल शे!" आणि सगळी गाडी हसली, आबाही हसले.

माझी अवस्था मात्र कठीण होती. पाहिलेली सर्वांत थोर कुस्ती ज्यांना सांगायची होती, त्यांनाच सांगता येत नव्हती. रोज संध्याकाळी ती जिभेवर येई आणि रोज मी ती गिळत असे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आबांनी अंथरूण धरले. एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतले. "गुरुजी, ती कुस्ती सांगा."

मी चपापलो. "आबा, तुम्हीच तर मना केलं होतं."

"नाव घेऊ नका. डाव सांगा."

मग मला कोण आवरणार? खडाखडी झाली, एकाने हात झटकून पट काढला, दुसरा निसटून पाठीवर गेला, खालच्याने गुडघे रोवले. मी खाटेशेजारी उभा राहून हातवारे करीत होतो. प्रत्येक डावाला आबा "शाबास" म्हणत होते. कधी एकाला, कधी दुसऱ्याला. शेवटच्या डावापाशी मी थांबलो.

"थांबनात का?"

"पुढे सांगितलं तर नाव कळेल, आबा."

"ते तर पहिला पटलेच कळनं. दोन्ही मनाच हातना शेतस." ते हसले. "आते कुस्ती व्हई गयी, मी कोना बाजूले उभा राहू? सांगा."

मी शेवटचा डाव सांगितला. तो इथे लिहीत नाही. गावाचा शब्द माझ्यापुरता मी अजून पाळतो. आबांनी तो डोळे मिटून ऐकला. मग विचारले, "आणि दुसरा? तो पडीच राहिना, का उठना?"

"लगेच उठला, आबा. उठला आणि जिंकणाऱ्याला त्यानेच खांद्यावर घेतलं."

आबांचा चेहरा उजळला. "मंग परत सांगा," ते म्हणाले, "पहिला पटपासून."

ते गेले त्या दिवसापर्यंत मी ती कुस्ती त्यांना रोज सांगितली, आणि रोज त्या पटाच्या जागी त्यांचा उजवा खांदा पांघरुणाखाली पुढे सरकत असे.