घागरीतली पिल्लं

आमच्या नदीत गाळ काढायचं काम सुरू आहे. पोकलेनचा पंजा पाण्यात उतरतो, गाळ घेऊन वर येतो आणि खाली घाटापर्यंतचं पाणी चहासारखं होऊन जातं. गाळ काढायला हवा होता, मान्य. तरी काठावर उभी राहून मी चिडत होते.

आई याच घाटावर पाणी भरायची. घागर भरली की लगेच उचलायची नाही. आधी आत डोकावायची. तांदळाच्या दाण्याएवढी माशांची पिल्लं आत आलेली दिसली, की पाणी हलकेच नदीत ओतून घागर पुन्हा भरायची. कधीकधी तीनतीनदा. शाळेला उशीर होतो म्हणून मी कुरकुरायचे. "अगं, त्यांची आई शोधत असेल ना," ती म्हणायची.

काठावर जाळं सांधत बसलेल्या दामूकाकांना मी विचारलं, "पिल्लं दिसत नाहीत हो?"

"मोठा मासा गढूळ पाण्यातनं निघून जातो, ताई. पिल्लांना कुठं एवढं पोहता येतं? कल्ल्यात गाळ बसतो, जीव गुदमरतो. दोन महिने थांबले असते, तर पळण्याएवढी झाली असती."

मी जवळची बाटली नदीत बुडवून भरली आणि उन्हात धरली. बराच वेळ पाहत राहिले. गाळ हळूहळू तळाशी बसला, वरचं पाणी निवळलं. आत काहीच हललं नाही.

तरी ती बाटली नदीत रिकामी करताना हात आपोआप आईसारखा हलका झाला.