डाव्या बाजूचा पत्रा

नोकरीत अपघाताचे पंचनामे इतके केले की बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेलेत. हा एक मात्र वेगळा राहिला आहे. मी तेव्हा कंधार भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

दुपारी तीनच्या सुमारास फोन आला. लातूरकडून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावर एक लाल गाडी बाभळीवर आदळली होती. हवालदाराला घेऊन मी वीस मिनिटांत पोहोचलो. गाडी आमच्याकडं सहसा न दिसणारी होती. परदेशी बनावटीची, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. पंधराएक वर्षं जुनी असावी, पण रंग नव्यासारखा चकाकत होता. पुढचं नाक चेपलं होतं. उजव्या बाजूचं दार सहज उघडत होतं.

चालवणारी बाई चौतिशीची. तिला खांद्यावर पट्ट्याचा वळ आणि कपाळाला खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. डाव्या सीटवर तिचे वडील होते, लातूरच्या एका शाळेतून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक. ते जागीच गेले होते. बाई रस्त्याच्या कडेला बसली होती. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मीच वेगात होते. तसंच लिहा."

जमलेली माणसंही तेच सांगत होती. बाईमाणूस, असली गाडी, मग दुसरं काय होणार, असा त्यांचा सूर. समोर आलेला ट्रॅक्टरवाला एकटाच वेगळं बोलला. तो शेतातून एकदम रस्त्यावर आला होता आणि ते कबूल करत होता. "गाडी लई जोरात नव्हती साहेब. ब्रेक मारला अन् झाडावर गेली." मी त्याचा जबाब घेतला, पण तो स्वतःची चूक थोडी हलकी करतोय असं मनात धरूनच.

निष्काळजीपणानं गाडी चालवून मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा गुन्हा तिच्यावर दाखल झाला. पंचनाम्यात मी लिहिलं, 'डावीकडील आसन धडकेमुळे निखळलेले'. वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. ब्रेक आणि स्टिअरिंग चालू होतं, त्यामुळे यांत्रिक दोष नाही असा एका पानाचा अहवाल आला. मला प्रकरण सरळ वाटलं. आरोपी स्वतःच कबूल करते, मग अजून काय शोधायचं?

आठ दिवसांनी ठाण्याच्या फोनवर एका माणसानं मला मागितलं. नाव सांगितलं नाही. "साहेब, त्या ताईला सोडा. गाडीचं डाव्या बाजूचं कारपेट उचलून बघा." एवढं बोलून ठेवून दिला.

गाडी मुद्देमाल म्हणून आवारात ताडपत्रीखाली उभी होती. मी निरीक्षकांना परत बोलावलं आणि पंचांसमोर कारपेट फाडून काढलं. खाली काळा डांबरी रंग जाड थापलेला. तो खरवडल्यावर वेल्डिंगची वाकडीतिकडी रेघ निघाली, पुढून मागपर्यंत गेलेली. डावीकडचा तळ दुसऱ्याच कुठल्या गाडीचा कापून जोडला होता आणि जोडाच्या कडेनं पत्रा गंजून बिस्किटासारखा झाला होता. वडिलांनी पट्टा बांधला होता. पट्टा तुटलाही नव्हता. तो ज्या पत्र्यात बसवला होता तो पत्राच फाटून सीटसकट वर आला होता. निरीक्षक म्हणाले, तळ शाबूत असता तर एवढ्या धडकेत माणूस दुखापतीवर निभावला असता. मी ती फाट पहिल्या दिवशी पाहिली होती, आणि 'धडकेमुळे' हा शब्द लिहून मोकळा झालो होतो.

गाडी अपघाताच्या दोन महिने आधी नांदेडच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून घेतलेली. कागदपत्रं मागवली तेव्हा कळलं, दुसऱ्या राज्यात मोठा अपघात होऊन ती भंगारात निघाली होती. विक्रेत्याला चौकशीला बोलावलं. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल. आवाज चढवणारा माणूस लवकर मोडतो. हा मात्र आवाज न चढवता, विचारल्यापेक्षा जास्त सांगत होता. खरं बोलणाऱ्याला एवढी तयारी लागत नाही. तळाचं काम आपल्याला माहीतच नव्हतं म्हणाला. पण त्याच्याच आवारात काम करणाऱ्या वेल्डरनं संध्याकाळपर्यंत सांगून टाकलं की काळा रंग मालकाच्या सांगण्यावरून त्यानंच मारला.

जाताना विक्रेता एक वाक्य बोलून गेला. "गाडी घेणारे ते शिक्षक स्वतःचा मेकॅनिक घेऊन आले होते. दोन तास बघितली गाडी. मग मला का विचारता?"

मेकॅनिक लातूरजवळच्या मुरुडचा निघाला. गॅरेजवाला, चाळिशीचा, शाळेत त्याच सरांचा विद्यार्थी. निनावी फोन त्याच्या शेजाऱ्याच्या मोबाईलवरून आला होता. समोर बसल्यावर तो खुर्चीच्या कडेवरच टेकला. त्यानं गाडी कशी तपासली, एवढंच मी विचारलं. त्याला बोलायला सोपं जावं म्हणून.

तो सविस्तर सांगत गेला. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून बघितला, कारण विकणारे आधीच इंजिन गरम करून ठेवतात. थंड होतं. एका दमात चालू झालं, धूर नाही. तेल काढून बोटांत चोळून बघितलं. बायपासवर नेऊन स्टिअरिंग सैल सोडलं, तर गाडी डावीकडं किंचित ओढत होती. टायर आतल्या कडेनं झिजलेले. काचांवर छापलेली बनावटीची सालं बघितली, डाव्या दाराची काच बाकीच्यांपेक्षा तीन वर्षांनी नवी. "इंजिन लई भारी हाय साहेब. म्हणूनच माणूस फसतो. आवाज ऐकतो अन् खाली वाकून बघत न्हाई."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"मग सरांना सांगितलं नाहीस?"

तो खुर्चीत मागं सरकून नीट बसला. मग म्हणाला, "सांगितलं की. कारपेट उचलून दाखवलं. डांबराखालचा जोड हाताला लागत होता. ही गाडी घेऊ नका म्हणलो. सर म्हणाले, डावी बाजूच ना? उजवी पक्की हाय ना? मी म्हणलो, उजवी कंपनीचीच हाय. मग म्हणाले, तिला यातलं काही बोलू नको."

मुलगी वर्षापूर्वी नवऱ्याचं घर सोडून आली होती. खोलीबाहेर निघत नव्हती, नोकरी सोडलेली, जेवणावर लक्ष नाही. लहानपणापासून तिला गाड्यांचं वेड. मोबाईलवर ही गाडी दिसली आणि वर्षात पहिल्यांदा ती आपणहून म्हणाली, बाबा, बघून येऊ या. तपासणीच्या दिवशी ती विक्रेत्याच्या आवारात गाडीला हात लावून हसत उभी होती. ते बघूनच सरांनी ठरवलं, असं मेकॅनिक म्हणाला. नवा पत्रा टाकायचं काम त्याच्याकडंच ठरलं होतं. "सर दोनदा येऊन गेले. हाताखाली दुसरं काम होतं. मीच पुढच्या आठवड्यावर ढकललं." एवढं बोलून त्यानं तोंड ओंजळीत झाकलं.

मी लगेच विश्वास ठेवला नाही. मेलेल्या माणसावर गोष्ट ढकलणं सोपं असतं, तो उलट बोलायला येत नाही. दुसऱ्या दिवशी लातूरला त्यांच्या घरी गेलो. मुलीला विचारलं, गाडी कोण चालवायचं?

"मीच. बाबांना येत होती, पण एकदाही स्टिअरिंगला बसले नाहीत. मी म्हणायचे, घाबरता का? ते म्हणायचे, मला डावीकडून रस्ता छान दिसतो. नांदेडची मावशी त्यात बसायचा हट्ट धरून होती, तर तिला बसूच दिलं नाही."

परवानगी घेऊन सरांचं कपाट पाहिलं. चित्रांच्या वह्यांच्या गठ्ठ्यात एका पानावर पेन्सिलनं गाडीचा तळ काढला होता, अगदी मापानं. उजवी बाजू कोरी. डावीकडं बारीक रेघोट्या मारून जोड दाखवलेला. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'नवा पत्रा टाकेपर्यंत इथं दुसऱ्या कुणीही बसू नये.'

पंचनामा करून मी ते पान जप्त केलं. मुलीनं ते माझ्या हातात पाहिलं, तेव्हा सांगणं भाग होतं. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "म्हणजे दोन महिने ते माहीत असून बसत होते?" मी हो म्हणालो. ती आत निघून गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

आता अडचण माझी होती. वेल्डिंग आणि ट्रॅक्टरवाल्याच्या जबाबापुढं मुलीवरचा गुन्हा टिकणार नव्हता. तो अहवाल मी पाठवला आणि ती सुटली. पण विक्रेत्यावरच्या आरोपपत्राला मेकॅनिकचा जबाब आणि ते पान जोडलं, तर त्याचा वकील म्हणणार, खरेदीदाराला सगळं माहीत होतं, मग फसवणूक कुठली? माझा एक सहकारी म्हणाला, जबाब नाही लावला तर कुणाला कळणार आहे? दोन दिवस फाईल टेबलावर पडून होती. तिसऱ्या दिवशी मी दोन्ही जोडलं. तपासात जे निघालं ते कोर्टापुढं ठेवायचं, त्यातलं निवडून ठेवायचं नाही, एवढंच मी नोकरीत शिकलो होतो.

वकिलानं नेमकं तेच केलं. विक्रेता सुटला. त्याचा धंदा आजही चालू आहे. मेकॅनिकनं गॅरेज बंद करून शेती धरली असं ऐकलं.

त्यानंतर ठाण्यातल्या नव्या अधिकाऱ्यांना मी सांगायचो, अपघाताच्या गाडीचं कारपेट आधी उचला. हे तंत्राचं झालं. पण मी आयुष्यभर असं धरून चाललो होतो की अपघातात मेलेल्या माणसाला काही माहीत नसतं. त्या शिक्षकांनी ती गाडी नीट पारखली होती, कुठं दगा आहे ते मापासकट कागदावर काढलं होतं, आणि मग तिथंच जाऊन बसले होते. याला मूर्खपणा म्हणायचं की माया, ते लिहायला आमच्या पंचनाम्यात रकाना नाही.

निकालानंतर मुलीचा एकदा फोन आला. गाडी परत नको, मोडीत काढा, एवढं सांगायला. ठेवायच्या आधी ती थांबली.

"साहेब, मेकॅनिकचा तो जबाब तुम्हाला वगळता आला असता?"

मी म्हणालो, नाही, कायद्यानं नाही.

"पुढं कधी कुणाचा वगळता आला, तर वगळा," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी केलं ते बरोबर होतं, हे मी आजही कुणालाही सांगेन. तिला मात्र तेव्हा सांगू शकलो नाही.